लातूरची माती आणि विद्यापीठाची गादी

१/ १९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरात भरले. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी शहर होते. किताब पटकावला निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

२/ किताब आपल्या मुलखात मिळाला, पण घडण मात्र कोल्हापुरात झाली. तेथे छत्रपती शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले होते आणि पेठापेठांत तालमी होत्या. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात कुस्तीचा मुख्य आधार होता तो गावची जत्रा. माळेगावचा खंडोबा असो वा लातूरचा सिद्धेश्वर, यात्रेला कुस्त्यांचा फड हवाच. जत्रा मल्लाला नाव आणि इनाम देई, पण वर्षभराचा खुराक आणि वस्ताद देणे तिच्या आवाक्यातले नव्हते.

३/ त्यात खेळच बदलला. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत चितपट झाल्याखेरीज निकाल नाही. गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक पकडीला गुण. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा ही गादी त्यांनाही नवखीच होती. तेथे ते सहावे आले, तर १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले.

४/ हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे एका शिक्षकाच्या घरावर तोलले गेले. शिक्षणसंस्था आणि कुस्ती यांचे नाते इतके जुने आहे. मात्र ते नाते व्यक्तीच्या त्यागावर उभे होते, व्यवस्थेवर नव्हे.

५/ बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवू लागले. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. लातूर जिल्ह्याचेच काका पवार ग्रीको-रोमन प्रकारात चमकले आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. या प्रकारात कमरेखाली पकड चालत नाही. मातीतल्या मल्लाला तो गादीवरच नव्याने शिकावा लागतो. त्यांनीही पुढे आपले कुस्ती संकुल उभारले ते पुण्यात, कात्रजला.

६/ बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे याच वाटेने गेला. आधी बिराजदारांकडे, २०११ साली त्यांच्या निधनानंतर काका पवारांकडे. २०१८ साली गोल्ड कोस्टला ५७ किलो गटात त्याने सुवर्ण जिंकले आणि ते दिवंगत गुरूंना अर्पण केले. गुरू मराठवाड्याचे, शिष्य मराठवाड्याचा, हौद मात्र पुण्यातला.

७/ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला पुण्यात ठेवायचे म्हणजे खोली, दूध, तूप, बदाम यांचा महिन्यामहिन्याचा खर्च आणि बहुधा अर्धवट सुटणारे शिक्षण. दुष्काळी वर्षात घरच्यांना पहिली काटछाट करावी लागते ती या खर्चातच.

८/ म्हणून विद्यापीठाचे कुस्ती संकुल ही केवळ इमारत ठरत नाही. गादी, वसतिगृह, खुराक, मार्गदर्शक आणि पदवी एका आवारात आली, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेची तयारी घराजवळ होते. कुस्तीत अपयश आले तरी हाती पदवी उरते. मुलींना तर त्याचा लाभ अधिक, कारण जुन्या तालमींची दारे त्यांना बंदच होती.

९/ रामलिंग मुदगडपासून पाटोद्यापर्यंत मराठवाड्याने मल्ल कधी कमी पडू दिले नाहीत. उणीव होती ती त्यांना थांबवून घेणाऱ्या छपराची. वस्ताद गेला की तालीम पोरकी होते. संस्था टिकली, तर वस्तादाची विद्या त्याच्या मागेही त्याच मातीत राहते.