मर्सिडीजच्या कारखान्यात न मावलेली मर्सिडीज

ऑक्टोबर १९९० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने ५०० ई मांडली. अंगकाठी ओळखीचीच होती. जर्मन शहरांत टॅक्सी म्हणून सर्रास धावणाऱ्या डब्ल्यू १२४ मालिकेची ती चार दारं, तोच सरळ, शिस्तीचा चेहरा. फरक शोधावा लागे: चाकांवरचे पत्रे जरा बाहेर आलेले, गाडी २३ मिलिमीटर खाली बसलेली, मागे तिघांच्या बाकाऐवजी दोनच स्वतंत्र सीट. बॉनेटखाली मात्र ५०० एसएल या उघड्या स्पोर्ट्‌स गाडीच्या घराण्यातलं पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं, ३२ व्हॉल्व्हचं इंजिन होतं. ताकद ३२६ अश्वशक्ती. शून्यावरून शंभरावर जायला सहा सेकंदांच्या आसपास वेळ, आणि ताशी २५० किलोमीटरला इलेक्ट्रॉनिक लगाम.

बीएमडब्ल्यूची एम ५ या वर्गात आधीच नाव कमावून बसली होती. तिला उत्तर द्यायचं तर मर्सिडीजपुढे एक अगदी घरगुती अडचण उभी राहिली. रुंद चाकं झाकण्यासाठी पत्रे फुगवले आणि गाडी नेहमीच्या डब्ल्यू १२४ पेक्षा ५६ मिलिमीटर रुंद झाली. झिंडलफिंगेनच्या कारखान्यातली उत्पादनाची रांग नेहमीच्या मापाला बांधलेली. नवी गाडी तिच्यातून जाईना.

मग काम गेलं स्टुटगार्टमधल्याच शेजाऱ्याकडे, पोर्शेकडे. हा शेजारी तेव्हा अडचणीत होता. डॉलर घसरल्यामुळे अमेरिकेत पोर्शेच्या गाड्या महाग झाल्या होत्या आणि विक्री कोसळत होती. १९८८ मध्ये मर्सिडीजने गाडी घडवण्याचं काम दिलं, पुढे उत्पादनही दिलं. त्सुफेनहाउझेनमध्ये र्‍योस्ले-बाऊ नावाच्या ज्या इमारतीत पोर्शेची ९५९ जुळवली गेली होती, तिथेच आता मर्सिडीज तयार होऊ लागली.

त्या काळाचं सगळ्यात लोभस चित्र म्हणजे या गाडीचा प्रवास. सुटे भाग झिंडलफिंगेनहून त्सुफेनहाउझेनला जायचे आणि पोर्शेचे कामगार सांगाडा जोडायचे. तो रंगासाठी परत झिंडलफिंगेनला. रंग वाळला की पुन्हा त्सुफेनहाउझेन. तिथे इंजिन, गिअरबॉक्स, सीट, वायरिंग. शेवटी तयार गाडी मर्सिडीजकडे. एका गाडीला १८ दिवस लागत. एप्रिल १९९५ पर्यंत अशा १०,४७९ गाड्या झाल्या. मधेच, १९९३ साली, नाव उलटून ई ५०० झालं. हिशेबाच्या चष्म्यातून ही पद्धत महागडी दिसेल, पण तिच्यामुळेच या गाडीच्या प्रत्येक सांध्यावर माणसाची नजर फिरली.

नवी असताना किंमत १ लाख ३४ हजार मार्कांच्या वर होती. ती मोजणारे पहिले मालक गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच नेत. खरी परीक्षा सुरू झाली ती तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती. जुनी झालेली महाग गाडी स्वस्तात मिळते, तिचे सुटे भाग मात्र स्वस्त होत नाहीत. कित्येक ५०० ई याच गणितात खंगल्या. तेल वेळेवर बदललं गेलं, की मूळ इंजिन लाखो किलोमीटर कुरकुर करत नाही. दगा देतं ते त्याच्या आजूबाजूचं प्लास्टिक आणि रबर.

सगळ्यात कुप्रसिद्ध दुखणं वायरिंगचं. १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात मर्सिडीजच्या इंजिनांवर जो हार्नेस बसला, त्याच्या तारांवरचं आवरण उष्णतेने वाळतं आणि बोट लागताच भुगा होऊन गळतं. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की इंजिन अडखळतं, थांबलेल्या गाडीत त्याचे फेरे वरखाली होतात, आणि नशीब फुटकंच असेल तर महागडा कंट्रोल युनिटही जळतो. थ्रॉटलच्या आतल्या तारांचंही तेच. म्हणून जाणकार गिऱ्हाईक बॉनेट उघडल्यावर चकाकीकडे बघत नाही. हार्नेसवरच्या पट्टीवर छापलेली तारीख आधी वाचतं. तारीख गाडी बनल्यानंतरची असेल, तर आधीच्या मालकाने खिशात हात घातला होता हे कळतं.

दुसरी खूण कानाने टिपायची. थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड झाली, तर टायमिंग चेनला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या कडक होऊन तुटायला आल्या असण्याची शक्यता मोठी. त्या तुटल्या, चेन दात सोडून सरकली, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. वरून टिकटिक येत असेल तर कॅमशाफ्टला तेल पोचवणाऱ्या नळ्यांची टोकं तपासायची; तीही प्लास्टिकचीच. मागच्या सस्पेन्शनमध्ये तेल आणि नायट्रोजन भरलेले गोळे असतात. त्यांतला वायू निघून गेला की गाडी बैलगाडीसारखी उसळते. एसीचा इव्हॅपोरेटर गळला तर भाग छोटा, पण तिथे पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

या कामात पुण्याच्या मिस्त्रींनाही बरंच ओळखीचं सापडेल. मर्सिडीजने भारतात १९९५ साली बांधलेली पहिली गाडी हीच डब्ल्यू १२४ होती, आणि ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जुळवली गेली. ई २२० आणि डिझेलची ई २५० डी पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावल्या. ५०० ई मात्र डाव्या हाताच्या स्टीअरिंगचीच बनली, आणि तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करायला आपल्याकडे सहसा मनाई आहे.

जर्मनीत आता चित्र पालटलं आहे. १९९७ पासून तिथे तीस वर्षं पूर्ण केलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट आणि ठरावीक, कमी कर मिळतो. पहिल्या ५०० ई २०२१ मध्ये त्या वयाला पोचल्या, शेवटच्या २०२५ मध्ये. तपासणारा तज्ज्ञ मूळपणा बघतो, त्यामुळे कधीकाळी हौसेने बदललेली चाकं काढून मूळ चाकं शोधण्याची धावपळ सुरू झाली आहे. दारांची कुलपं, काचांची बटणं साध्या डब्ल्यू १२४ मधून घेता येतात. फुगलेले पत्रे मात्र दुसऱ्या कोणत्याही गाडीचे बसत नाहीत. १९९३ पासून फेलबाखमध्ये चालणारं मर्सिडीजचं क्लासिक सेंटर जुन्या गाड्यांचे भाग पुरवतं. तिथे हवं ते मिळालं नाही, तर तो फुगलेला फेंडर मोडीत निघालेल्या दुसऱ्या ५०० ई वरूनच उतरवावा लागतो.