डाव्या हाताचा रामराम

लिंबागणेशच्या शाखेत बदली झाली तेव्हा मला वाटलं होतं, रोजच्या जाण्यायेण्यात खर्च होईल तो पेट्रोलचा. प्रत्यक्षात खर्च झाला तो रामरामाचा. बीडहून निघावं, पाली मागं टाकावी, मांजरसुंब्याचा घाट चढावा, चौकात सोलापूरचा रस्ता सोडून पाटोद्याच्या रस्त्याला लागावं, की तिथून पुढं समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला रामराम घालणारच. पहिला आठवडा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग पीककर्जाच्या फायली माझ्या टेबलावर असतात ही बातमी पंचक्रोशीत पसरली आणि माझी लोकप्रियता एकदम वाढली.

आता रामराम घ्यायचा म्हणजे द्यायचाही आला. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. जमेच्या बाजूला पडलेली रक्कम नावे टाकल्याशिवाय मला जेवण जात नाही. संध्याकाळी रामरामांची तेरीज जुळलीच पाहिजे, या निष्ठेनं मी प्रत्येकाला हात वर करून उत्तर देऊ लागलो. पण मोटारसायकल बनवणाऱ्यांनी आपल्या संस्कृतीचा जराही विचार केलेला नाही. ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत, पुढचा ब्रेक उजव्या मुठीत, आणि रामरामही उजव्याच हातानं घालायचा! हात उचलला की गाडी गचके खाते, हात परत ठेवला की उसळी मारते. चौथ्या रामरामाला मी एका शेळीच्या अंगावर जाता जाता वाचलो. शेळी वाचली असं मुद्दाम म्हणत नाही, कारण ती जागची हललीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अक्कल चालवून डावा हात वर केला. संध्याकाळी शाखेत एक म्हातारबा आले, विड्रॉलची स्लिप सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सायेब, कर्ज देऊ नका पायजे तर. पण डाव्या हातानं रामराम कामून घालायलाव?"

या एका प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत होतो. (बँकेत विचार करायला वेळ मिळतो का, असं विचारू नका. सर्व्हर बंद असतो तेव्हा मिळतो.) आणि मला असं आढळलं, की मोटारसायकलवाल्यांच्या शिष्टाचाराचा सगळा जागतिक इतिहास या डाव्या-उजव्यातच अडकून पडलेला आहे.

अमेरिकेत मोटारसायकलवाले एकमेकांना रस्त्यात भेटले की हात करतात, ओळख असो वा नसो. त्याचं मूळ सांगताना ते 1904 सालची एक गोष्ट सांगतात. हार्ले आणि डेव्हिडसन हे दोघे भागीदार, आदल्याच वर्षी कंपनी काढलेली. ते दोघे आपापल्या गाडीवरून समोरासमोर आले, त्यांनी एकमेकांना हात केला, तो कुणीतरी पाहिला आणि प्रथा पडली. गोष्टीला पुरावा काही नाही. पण दोन भागीदार भागीदारी केल्यावर वर्षभरानंतरही एकमेकांना हात करत होते, एवढ्यावरून तरी ती दंतकथा असावी असं माझं व्यावसायिक मत आहे. सांगायचा मुद्दा असा, की अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. त्यामुळं समोरचा येतो तो डाव्या अंगानं, आणि डावा हात असतो क्लचवर, म्हणजे बहुतेक वेळ रिकामाच. तिकडं डाव्या हाताला दुसरी बदनामीही नाही. सगळं कसं जुळून आलं! इंग्लंड आपल्यासारखं डावीकडून चालतं. तिथं समोरचा उजव्या अंगानं येतो आणि उजवी मूठ तर सोडता येत नाही. म्हणून इंग्रज नुसती मान हलवतो. फ्रान्सचा प्रकार आणखी निराळा. मोटारीवाल्यानं बाजू दिली की तिथला मोटारसायकलवाला पुढं जाताना आभार म्हणून उजवा पाय बाहेर काढून दाखवतो. हे वाचून मी मनातल्या मनात मांजरसुंब्याच्या चौकात एका ट्रकवाल्याला पाय काढून दाखवला, आणि मनातल्या मनातच सरकारी दवाखान्यात दाखल झालो.

पण आपल्याकडंही पाय काढतात बरं का! तो दाखवायला नाही, कामाला. त्याला टोचन म्हणतात. पेट्रोल संपलेला इसम रस्त्याच्या कडेला दिसला, की मागून येणारा आपल्या गाडीवर बसल्या बसल्या एक पाय त्याच्या गाडीच्या फूटरेस्टला लावतो आणि दोन्ही गाड्या जोडीनं पेट्रोल पंपापर्यंत जातात. हे कायद्यात कितपत बसतं ते कायदेवाल्यांनी पाहावं. माझ्या लहानपणी मी वडिलांच्या राजदूतच्या टाकीवर बसून हा सोहळा कितीदा पाहिला आहे. वडील शाळामास्तर. गाडी एकशे पंच्याहत्तर सीसीची, पोलंडच्या गाडीवरून फरिदाबादला एस्कॉर्ट्सनं बनवलेली. 'बॉबी' सिनेमात 1973 साली ऋषी कपूर फिरवतो ती तिचीच धाकटी, देखणी बहीण. आमचीवर मात्र डिंपल कधी बसली नाही. बसल्या त्या ज्वारीच्या पिशव्या. दुसऱ्याला ढकलत नेलं म्हणून वडिलांनी कुणाकडून दमडी घेतली नाही, आणि स्वतःला ढकलून घेतलं तेव्हा कुणी मागितली नाही. हा हिशेब कुठल्या खात्यात बसतो, हे मला बँकेत वीस वर्षं काढूनही सांगता येणार नाही.

मोटारसायकलच्या आधी आमच्याकडं बैलगाडी होती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. 1948च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं तरी गाडीवाट तीच राहिली. गाडीवाट म्हणजे दोन चाकोऱ्या. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला चाकोरीतून बाहेर पडावंच लागणार. कुणी पडायचं? तर रिकामीनं. भरलेल्या गाडीला वाट द्यायची, असं जुने लोक सांगतात. मी हे अडाण्यांचं शहाणपण म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढं 1988चा मोटार वाहन कायदा झाला, 1 जुलै 1989पासून लागू झाला, आणि त्यासोबत रस्त्याचे जे नियम आले त्यात लिहिलं आहे, की डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्यानं कडेला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. म्हणजे काय, ज्याच्यावर ओझं त्याची वाट! दिल्लीला जे 1989 साली छापावं लागलं, ते आमच्या बैलांना पाठ होतं.

त्याच नियमांत हाताच्या खुणाही दिल्या होत्या. उजवीकडं वळायचं तर उजवा हात आडवा करावा, हे ठीक. पण डावीकडं वळायचं असेल तर उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवावा! मी लायसन्स काढायच्या आधी ही खूण आरशासमोर केली. आईनं आतून विचारलं, "जातं ओढायचा सराव कशाला करतोस रे?" रस्त्यावर ही खूण करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आमच्याकडच्या खुणा निराळ्या आहेत आणि त्या कुठल्याही परिशिष्टात छापलेल्या नाहीत. समोरच्यानं स्वतःच्या टाळक्यावर थापट्या मारल्या, तर त्याचं डोकं दुखत नसतं; पुढं हेल्मेटची तपासणी चालू असते. पंजा चोचीसारखा उघडमीट केला, की तुमचा दिवा दिवसाढवळ्या चालू राहिला आहे. आणि बोट खाली दाखवून जिवाच्या आकांतानं "ष्टँड! ष्टँड!" असं कुणी ओरडलं, की तुमचा साईड स्टँड खालीच आहे, आणि डाव्या वळणावर तो जमिनीला टेकला की तुम्हीही टेकणार आहात.

हा तिसरा शिष्टाचार मला सगळ्यांत थोर वाटतो. तो पाळणारा तुम्हाला ओळखत नसतो, तुमच्याकडून त्याला कर्ज नको असतं आणि पुन्हा कधी तो तुम्हाला भेटणारही नसतो. अमेरिकन माणसाचा हात म्हणतो, "तू पण मोटारसायकलवाला, मी पण मोटारसायकलवाला." आमचा माणूस म्हणतो, "मेला असतास की!" दोन्हींत जिव्हाळा आहेच, पण दुसऱ्याचा उपयोग जास्त.

हे मी एवढ्या अधिकारानं सांगतो त्याला कारण आहे. एक जुनं देणं माझ्या नावावर आहे.

2008 सालची गोष्ट. लग्नाला सहा महिने झाले होते, स्प्लेंडर बँकेच्या कर्जावर घेतलेली. आम्ही दोघं लिंबागणेशला दर्शनाला निघालो होतो. भाद्रपदातली चतुर्थी होऊन चारच दिवस झालेले. मांजरसुंबा सोडलं आणि मागून एक माणूस राजदूतवरून हातवारे करत आला. धोतर, डोक्याला मुंडासं, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. काहीतरी ओरडत होता. मी वेग वाढवला. त्यानंही वाढवला. बायकोच्या गळ्यात लग्नातलं गंठण होतं आणि त्या दिवसांत वर्तमानपत्रं काय छापत असत ते तुम्हाला ठाऊक आहे. मी स्प्लेंडर पिळली. बायको म्हणाली, "अहो, तो काहीतरी म्हणतोय." मी म्हणालो, "घट्ट धर." दोन-तीन किलोमीटर ही शर्यत चालली. दुधाच्या किटल्यांसकट राजदूत स्प्लेंडरला गाठते, हे मी तोवर कुणी सांगितलं असतं तरी मानलं नसतं. पण तिनं गाठलं. तो आडवा झाला, मी थांबलो आणि सगळ्यात आधी खिशातलं पाकीट चाचपलं.

"कामून पळायलाव ओ?" धापा टाकत तो म्हणाला. "बाईचा पदर बघा की चाकात!"

पदर मागच्या चाकाच्या आऱ्यांना नुसता चाटत होता. टोकाला काळं तेल लागलं होतं, एक दशी तुटली होती. आणखी एखादा फेरा, आणि पुढचं मी आजही लिहू शकत नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असावी, असं 1989च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तशी ती माझ्या गाडीलाही होती. गाडी धुताना हात अडकतो म्हणून मीच काढून माळ्यावर टाकली होती.

मी खाली बसून पदर सोडवला, आऱ्यात हात घालताना बोटं थरथरत होती. उठून पाहतो तो राजदूत वळून लांब गेलेली. त्याला उलट्या दिशेला जायचं होतं. केवळ आमच्यासाठी तो मागं फिरला होता. दूध नासायच्या आत पोहोचायचं होतं त्याला. मी त्याला धन्यवाद म्हणालो नाही, रामरामही घातला नाही.

लिंबागणेशचा गणपती भालचंद्र आहे. त्याची कथा ठाऊक आहेच तुम्हाला. मोदक खाऊन उंदरावरून निघालेले गणपतीबाप्पा वाटेत घसरून पडले आणि वरून चंद्र हसला. बाप्पांनी शाप दिला; मग चंद्रानं तप केलं, माफी मिळाली आणि तो कपाळावर जाऊन बसला. पण चतुर्थीला त्याला पाहील त्याच्यावर चोरीचा आळ येईल, हे कलम शिल्लक राहिलं. गाभाऱ्यात हात जोडताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की हा सगळा मामला वाहनावरून पडणाऱ्याचा आणि ते बघणाऱ्याचा आहे. आणि त्या दूधवाल्यानं चार दिवसांपूर्वी बहुधा चंद्र पाहिला असावा. नाहीतर माझ्यासारख्या सभ्य माणसानं त्याला चोर कशाला समजावं?

बदली होऊन इथं आल्यावर मी त्या मुंडाशाला बरंच शोधलं. पण राजदूत बंद होऊन कैक वर्षं झाली, दूध आता टेम्पोतून जातं, आणि मुंडाशातली सगळी माणसं हेल्मेटमधल्या माणसांइतकीच सारखी दिसतात. तेव्हा मी परतफेडीची दुसरी सोय केली. रस्त्यात कुणाचा स्टँड खाली दिसला, पदर, ओढणी, गमछा लोंबताना दिसला, की मी पाठलाग करतो. वसुलीचा अनुभव असल्यामुळं पाठलाग मला जमतो. लोकही मी पळालो तसेच पळतात. कानांत गाण्याच्या बोंड्या असतात, त्यामुळं ओरडणं वाया जातं.

मागच्या महिन्यात असाच एकाला गाठला. स्टँड खाली. चांगला दीड किलोमीटर हॉर्न वाजवत गेलो, तेव्हा कुठं तो थांबला. त्यानं आधी खिसा चाचपला, ते मी नीट पाहिलं. मग टाचेनं स्टँड वर केला, लाजल्यासारखा हसला, आणि इतक्या लांब आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं म्हणून माझ्या गाडीकडं बोट दाखवून म्हणाला, "सायेब, तुमची बी लाईट चालू राहिलीय."

1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तो बंद करायचं बटणच गाडीला नसतं. माझी गाडी 2019ची. हे सगळं त्याला समजावून सांगता आलं असतं.

मी हँडलवर नसलेलं बटण दाबल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बरं झालं दादा, सांगितलंत. रामराम."

उजव्या हातानं. गाडी उभीच होती.