कर्बी कोणत्या प्रतीत वाचावा?

1970 च्या अखेरीस अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर 'न्यू गॉड्स' या कॉमिक मालिकेचा पहिला अंक आला. किंमत 15 सेंट. लेखन, चित्रं आणि संपादन तिन्ही जॅक कर्बीचं. ही मालिका आज वाचायला घेणाऱ्यापुढे निदान पाच वाटा आहेत. पिवळे पडलेले मूळ अंक आहेत. 1984 चं पुनर्मुद्रण आहे, पांढऱ्याशुभ्र बॅक्स्टर कागदावर. 1998 चा संग्रह आहे. त्यात रंग काढून करड्या छटा भरल्या आहेत. 2007 पासून निघालेले ऑम्निबस खंड आहेत; त्यांत ही मालिका दुसऱ्या तीन मालिकांच्या अंकांत गुंफून छापली आहे. आणि थोराड आकाराची 'आर्टिस्ट्स एडिशन' आहे. तिच्यात निवडक मूळ चित्रपानं, खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणांसकट, खऱ्या मापात पाहायला मिळतात. यातली कोणती प्रत कर्बीची, इथून हा अभ्यास सुरू होतो. या पाचही प्रतींना मी पाच संपादकांची मतं समजतो. कर्बी कोण होता आणि त्याच्या कामातलं जपण्यासारखं काय, याबद्दल प्रत्येकीचं म्हणणं वेगळं आहे.

मराठी वाचकाला या वाटेवर बिचकण्याचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतले पाठभेद, तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रती, पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात सिद्ध झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, हे सगळं आपल्या परिसरातलं आहे. ग्रंथ आपल्यापर्यंत अनेक हातांतून येतो आणि त्या हातांची ओळख करून घेतल्याशिवाय ग्रंथ कळत नाही, हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही. सुपरहिरोंच्या कॉमिक्सला एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी विचारेल. ही पानं टाकून देण्यासाठीच छापली जात होती, म्हणून तर ती जास्त हवी. मूळ चित्रं वाटली गेली, हरवली, काही नष्ट झाली. छपाईच्या फिल्म नीट सांभाळल्या गेल्या नाहीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पानाची खात्रीची प्रत मिळवणं इथे कधी कधी जुन्या पोथीइतकंच कठीण होऊन बसतं.

कर्बीचा जन्म 1917 चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. जो सायमनबरोबर कॅप्टन अमेरिका, स्टॅन लीबरोबर फॅन्टॅस्टिक फोर, हल्क, थॉर आणि एक्स-मेन एवढं करून, पन्नाशी ओलांडल्यावर, 1970 मध्ये तो मार्व्हल सोडून डीसीकडे गेला. तिथे त्याने दोन जगांमधल्या युद्धाची एक प्रचंड कथा चार मालिकांत वाटून सांगायला घेतली. 'फॉरएव्हर पीपल', 'न्यू गॉड्स' आणि 'मिस्टर मिरॅकल' या तीन त्याच्या स्वतःच्या. चौथी आधीपासून चालत आलेली, सुपरमॅनच्या तरुण मित्राची, जिमी ओल्सेनची. या कथेतला खलपुरुष डार्कसाइड पहिल्यांदा दिसतो तो या चौथ्या मालिकेत. या सगळ्याला पुढे 'फोर्थ वर्ल्ड' हे नाव पडलं.

इथे क्रमाचा प्रश्न उभा राहतो, आणि या अभ्यासातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. 'न्यू गॉड्स'च्या सातव्या अंकात 'द पॅक्ट' ही कथा आहे. युद्ध थांबावं म्हणून न्यू जेनेसिसचा नेता हायफादर आणि अपोकोलिप्सचा स्वामी डार्कसाइड आपापला मुलगा एकमेकांना देऊन टाकतात. डार्कसाइडचा ओरायन शांत, उजळ न्यू जेनेसिसमध्ये वाढतो आणि हायफादरचा मुलगा अपोकोलिप्सच्या भीषण अनाथालयात. त्याला तिथे स्कॉट फ्री हे नाव मिळतं. तोच मोठेपणी मिस्टर मिरॅकल. त्याच्या सुटकेची कथा, 'हिमॉन', काही महिन्यांनी आली, पण ती 'मिस्टर मिरॅकल'च्या नवव्या अंकात. एकाच मुलाच्या आयुष्याचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या मासिकांत. मालिकावार संग्रह काढला की 'मिस्टर मिरॅकल'च्या वाचकाला सुटका दिसते आणि बापाने केलेला सौदा मात्र दुसऱ्या पुस्तकात राहतो. प्रकाशनक्रमाने गुंफलेल्या ऑम्निबसमध्ये आधी तो सौदा येतो, मध्ये इतर अंक जातात, आणि मग मुलगा दाराकडे धावतो. मी या दोन कथा दोन्ही रीतींनी वाचल्या आहेत. दुसऱ्या रीतीत 'हिमॉन'च्या शेवटच्या पानांना जे वजन येतं ते पहिल्या रीतीत येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरी ऑम्निबसच्या आहारी जाऊ नये. 1972 मध्ये 'न्यू गॉड्स' आणि 'फॉरएव्हर पीपल' अकराव्या अंकावर बंद पडल्या. 'मिस्टर मिरॅकल' अठराव्यापर्यंत चालली, पण उत्तरार्धात ती महाकथेपासून दूर सरकली. म्हणजे मूळ कृती अर्धवट आहे. 1984 च्या पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने कर्बीने शेवटासाठी नवी कथा काढली आणि 1985 मध्ये 'द हंगर डॉग्ज' हे स्वतंत्र पुस्तक केलं. दशकभराने थकलेल्या, बदललेल्या हाताने काढलेली ही पानं ऑम्निबसच्या चौथ्या खंडाच्या टोकाला बसवली की मोडलेल्या कथेला उत्तरकांड मिळतं. हे सारं पुढे पुस्तकरूपाने एकत्र यावं असं कर्बीच्या मनात होतं, असं त्याचा तेव्हाचा सहाय्यक मार्क इव्हानियर याने सांगितलं आहे. तेव्हा खंडांची कल्पना परकी नाही. त्यांत दिसणारी सलगता मात्र नंतर आलेली आहे.

पानावर हात किती असतात, तेही पाहायला हवं. कर्बी पेन्सिलीने काढायचा, शाई दुसरा चढवायचा. सुरुवातीच्या अंकांवर व्हिन्स कोलेटाची शाई आहे. तो वेळेवर काम देणारा होता, आणि ते साधण्यासाठी मागची माणसं, इमारतींचे तपशील सरळ गाळत असे. पुढे माइक रॉयर आला आणि पेन्सिलीची रेघ न् रेघ शाईत उतरू लागली. 'न्यू गॉड्स'चा चौथा आणि पाचवा अंक शेजारी ठेवले तर हा बदल नवख्यालाही दिसतो. जिमी ओल्सेनच्या अंकांत आणखी एक हस्तक्षेप आहे. कर्बीने काढलेले सुपरमॅनचे चेहरे कंपनीला आपल्या ठरीव रूपाशी जुळणारे वाटले नाहीत, म्हणून ते अल प्लास्टिनो आणि मर्फी अँडरसन यांच्याकडून पुन्हा काढून घेतले गेले. कर्बीच्या धडावर दुसऱ्याचं डोकं! याला प्रक्षेप म्हणायचं की प्रकाशित पाठाचाच भाग? संग्रहाने ते चेहरे आहेत तसेच ठेवावेत, असं मला वाटतं, कारण 1970 चा वाचक तेच पाहत होता. पण निदान टिपेत त्याची नोंद हवी. शाईआधीचा कर्बी ज्याला पाहायचा आहे त्याने पेन्सिल-पानांच्या छायाप्रती शोधाव्यात. 1994 पासून निघणाऱ्या 'द जॅक कर्बी कलेक्टर' या नियतकालिकाने त्या चिकाटीने छापल्या आहेत.

रंगाबाबत वाद सर्वांत कडवट आहेत. जुन्या अंकांत निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन रंगांच्या चार-चार पायऱ्या, म्हणजे एकूण 64 मिश्रणं असत. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला हातांनी रंगविभाजन होई आणि इलिनॉयमधल्या स्पार्टा गावी स्वस्त कागदावर छपाई. कागद शाई पिऊन टाकी, म्हणून रंगकार मुद्दाम भडक रंग नेमत. तेच रंग चकचकीत आर्ट पेपरवर जसेच्या तसे छापले की चेहरे पेटल्यासारखे दिसतात. 2007 च्या ऑम्निबससाठी वर्तमानपत्री पोताचा कागद वापरला, त्यावर काही ग्राहक नाराज झाले. माझ्या मते तो निर्णय अतिशय सुजाण होता.

नील अ‍ॅडम्सचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. 1970 च्या आसपास डेनी ओ'नीलच्या पटकथांवर त्याने बॅटमॅनला आणि ग्रीन लँटर्नला जे रूप दिलं ते पुढच्या पिढ्यांनी प्रमाण मानलं. 2003 ते 2006 दरम्यान त्याच्या बॅटमॅनचे तीन खंड निघाले तेव्हा त्याने स्वतः पानं नव्याने रंगवून घेतली आणि कित्येक ठिकाणी रेषाही बदलल्या. चित्रकार तेव्हा हयात होता, स्वतःच दुरुस्त करत होता, मग हरकत कुणी घ्यायची? तरी मी हरकत घेतो. साठीतल्या अ‍ॅडम्सने तिशीच्या आसपासच्या अ‍ॅडम्सवर केलेलं भाष्य म्हणून ते खंड मोलाचे आहेत, आणि त्यांच्यावर अ‍ॅडम्सचा पूर्ण हक्क होता. पण 1971 मध्ये रा'स अल घूल पहिल्यांदा आला ते पान अभ्यासायचं असेल तर त्या खंडांचा आधार घेता येत नाही. दोन्ही पाठ दुकानात शेजारी मिळायला हवेत. एकाने दुसऱ्याला हटवलं की इतिहासाचं नुकसान होतं.

चित्रकाराच्या नावाने संग्रह काढण्याची पद्धतच मुळात एक सिद्धान्त आहे. डीसीने जीन कोलन, जिम अपारो, गिल केन अशा अनेकांचे खंड त्यांच्या नावांनी काढले. मार्शल रॉजर्सचा खंड घ्या. 1977-78 मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने लिहिलेली बॅटमॅनची गाजलेली कथामाला त्याच्या चित्रांमुळे लक्षात राहिली. पण तिचे पहिले दोन अंक वॉल्टर सायमन्सनने काढले होते, म्हणून ते रॉजर्सच्या खंडात नाहीत. 'स्ट्रेंज अ‍ॅपॅरिशन्स' या कथावार संग्रहात आहेत. कथा वाचायची की हात पाहायचा, हे वाचकाने आधी ठरवायचं. मला दोन्ही पुस्तकं जवळ ठेवावीशी वाटतात.

मार्व्हलमधल्या कर्बीबाबत हात आणि लेखणी वेगळे करणंच अवघड आहे. तिथे बहुधा त्रोटक कथासूत्रावरून चित्रकार अख्खा अंक रचायचा, समासात काय चाललंय ते लिहायचा, आणि मग स्टॅन ली संवाद भरायचा. छापताना समास कापले जात. आज मूळ पानांच्या मोठ्या आवृत्त्यांत कर्बीच्या अक्षरातले ते समासातले शेरे वाचता येतात आणि कथेत कुणाचं किती, हा वाद पुराव्यावर येतो. कर्बीला 1987 मध्ये मार्व्हलकडून सुमारे 2000 मूळ पानं परत मिळाली. त्याने केलेल्या कामाच्या मानाने फार थोडी, आणि तीही जाहीर झगड्यानंतर. तो 1994 मध्ये गेला. वारसांचा हक्कांबद्दलचा दावा 2014 मध्ये तडजोडीने मिटला आणि त्यानंतर श्रेयनामावलीत त्याचं नाव नियमाने दिसू लागलं. आपण हातात घेतो तो कर्बी-खंड या सगळ्यातून आलेला असतो.

नव्याने येणाऱ्याने मोठ्या किमतीचे खंड घेण्याची घाई करू नये. 'द पॅक्ट' आणि 'हिमॉन' या दोन कथा कुठल्याही आवृत्तीत मिळवाव्यात, मग शक्य झाल्यास दुसऱ्या एखाद्या आवृत्तीत. श्रेयनामावलीचं पान आधी वाचावं: रंग कुणी पुन्हा केले, मूळ प्रत कशावरून घेतली, मुखपृष्ठं आणि वाचकांची पत्रं ठेवली की गाळली. पत्रांची पानं बहुतेक संग्रह गाळतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. मालिका चालू असताना लोक काय समजत होते याचा तोच सर्वांत जवळचा दस्तऐवज आहे.

हेच प्रश्न घेऊन घरच्या कपाटाकडेही वळता येईल. मुंबईहून 1964 पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ मराठीतही आणला. वृत्तपत्रातल्या पट्ट्या मासिकाच्या पानावर बसवताना चौकटी हलवल्या, कापल्या गेल्या. विल्सन मकॉय आणि साय बॅरी यांचे हात त्यांतून आले आणि मुखपृष्ठांवर गोविंद ब्राह्मणिया यांचा. पुढे नागराज या कॉमिक-नायकाचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीक यांनी काढले. यांतल्या कुणाही एकाचा चिकित्सक खंड सिद्ध करायला बसलं तर पहिलं काम एकच: वेगवेगळ्या घरांतून अंक गोळा करायचे आणि पानं एकाशेजारी एक मांडून चौकटी मोजायच्या.