घरभेदी जंतूंचा शोध

रक्तकर्करोग झालेल्या मुलाची रोगट अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे सोडतात. भारतातले असे पहिले प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. नव्या पेशी रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर शरीराचे राखणदार, म्हणजे श्वेतपेशी, जवळजवळ नसतातच.

याचा धोका किती? जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली तो मोजून दाखवला. एका घनमिलिमीटर रक्तातील न्यूट्रोफिल पेशी हजाराच्या खाली गेल्या की जंतुसंसर्ग वाढतो. शंभराच्या खाली तो सर्वाधिक असतो. पुढे १९७१ साली स्टीफन शिम्फ यांनी तापाचे कारण कळण्याची वाट न पाहता लगेच प्रतिजैविके द्यावीत, असा मार्ग दाखवला.

पण हे जंतू येतात कोठून? गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत ठेवूनही मुलांच्या रक्तात जंतू सापडतच. आपण दोन वाटा पाहू.

पहिली वाट नळीची. वारंवार सुई टोचणे टळावे म्हणून सिॲटलमध्ये १९७३ साली ब्रोव्हियॅक यांची सिलिकॉनची नळी आली. मुलांचे मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट हिकमन यांनी मज्जा-प्रत्यारोपणासाठी ती रुंद केली (१९७९). तिच्यावरच्या डेक्रॉनच्या पट्ट्यात ऊती वाढतात आणि त्वचेवरून आत शिरणाऱ्या जंतूंना अडवतात. तरीही नळीचे तोंड दिवसातून अनेकदा उघडावे लागते. तिथून जंतूंना वाव मिळतो.

दुसरी वाट आतड्याची. भराभर विभागणाऱ्या पेशी मारणारी औषधे मज्जेबरोबर आतड्याचे अस्तरही झिजवतात. मग तिथे निमूट राहणारे जिवाणू रक्तात उतरतात. असे संसर्ग नळीच्या माथी मारणे बरोबर नव्हे, कारण परिचारिकेने हात कितीही धुतले तरी ते थांबत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ पासून त्यांची वेगळी नोंद सुरू केली.

मग आधीच प्रतिजैविक दिले तर? लेव्होफ्लोक्सॅसिनची मुलांवरील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीव्र रक्तकर्करोगाच्या मुलांत रक्तसंसर्ग ४३.४ टक्क्यांवरून २१.९ टक्क्यांवर आला. प्रत्यारोपण झालेल्यांत तो १७.३ वरून ११ टक्के झाला. पण हा फरक योगायोगाचा नाही, असे गणिताने ठामपणे म्हणता आले नाही. शिवाय औषधाला दाद न देणारे जिवाणू माजण्याची भीती आहेच.

'जंतू म्हणजे बाहेरचा शत्रू' असे आपण वर्गात सांगतो. या इतिहासाने त्यात भर घातली आहे: राखणदार आणि भिंत दोन्ही ढासळली, तर घरातलाच सोबती घातक ठरतो.