बोर्ड : एका फळीचा इतिहास

एखाद्या सुशिक्षित कुटुंबांतील एक दिवस घेतला, तरी 'बोर्ड' हा शब्द किती निरनिराळ्या अर्थांनीं कानांवर पडतो हें पाहण्यासारखें आहे. थोरला मुलगा बोर्डाच्या परीक्षेच्या काळजींत असतो, धाकटा कॅरमचा बोर्ड मांडून बसतो, पुतण्या परगांवीं बोर्डिंगांत राहतो, वडिलांचे भाग ज्या कंपनींत गुंतलेले असतात तिचें बोर्ड लाभांश किती द्यावा हें ठरवितें, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार दारावर नवा बोर्ड लावतो. तमाशाच्या रसिकास विचारावें, तर नाचणारीण 'बोर्डावर' येते असेंच तो सांगेल. इतक्या घरीं राबणारा हा शब्द मुळांत कोण, तर फळी. लांकडाची साधी, रंधा मारलेली फळी.

नॉर्मन लोकांनीं 1066 सालीं इंग्लंड जिंकलें, त्याच्या पुष्कळ आधींपासून हा शब्द इंग्रजांच्या बोलींत होता. बारकाईनें पाहिलें तर तेथें दोन जुने शब्द एकमेकांत मिसळून गेले आहेत. एकाचा अर्थ फळी आणि दुसऱ्याचा अर्थ कांठ, विशेषतः जहाजाची बाजू. जहाज फळ्यांचेंच असल्यामुळें हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची गरज खलाशांना भासली नसावी. जहाजाच्या उजव्या अंगास इंग्रज 'स्टारबोर्ड' म्हणतात. त्यांत आकाशांतील ताऱ्याचा कांहीं संबंध नाहीं. जुन्या काळीं सुकाणूचें वल्हें उजव्या बाजूस असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. डाव्या अंगाचें नांव 'लारबोर्ड' होतें. वादळांत ओरडून हुकूम देतांना हीं दोन नांवें एकसारखींच ऐकूं येत. अखेर 1844 सालीं ब्रिटिश नौदलानें डाव्या बाजूस 'पोर्ट' म्हणावें असें फर्मान काढलें आणि एक बोर्ड समुद्रांत बुडाला.

जमिनीवरच्या फळीचें दैव अधिक थोर होतें. मध्ययुगांतील इंग्रज सरदाराच्या वाड्यांत जेवणाचें कायमचें टेबल क्वचितच असे. जेवणाच्या वेळीं लांकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकीत व जेवण उरकलें कीं त्या उचलून भिंतीस लावीत. तेव्हां बोर्ड म्हणजे जेवणाचें टेबल झालें आणि थोड्याच काळांत टेबलावरचें अन्नहि बोर्डच झालें. पैसे देऊन दुसऱ्याच्या टेबलावर जेवणारा तो 'बोर्डर', आणि त्याच्या राहण्याजेवण्याची सोय तें 'बोर्डिंग'. पेले मांडण्याची फळी म्हणून निघालेला 'कपबोर्ड' हा शब्द पुढें दारें लावलेल्या कपाटास चिकटला. सरळ, उघड व्यवहारास इंग्रजींत 'अबव्ह बोर्ड' म्हणतात, ती जुगाऱ्यांची देणगी. ज्याचे हात टेबलाच्या वर दिसतात तो पत्ता बदलीत नाहीं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सचोटीचा शब्द जुगाराच्या अड्ड्यावरून यावा, ही भाषेची थट्टाच म्हणावयाची.

जेवणाच्या फळीवरून सल्लामसलतीच्या फळीवर जाण्यास शब्दाला फारसे श्रम पडले नाहींत. टेबलाभोंवतीं बसून कारभार पाहणारी मंडळी तेंच बोर्ड. इंग्लंडच्या राजवाड्यांतील खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या मंडळास 'बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ' म्हणत, कारण त्या टेबलावर हिरवें कापड अंथरलेलें असे. तें मंडळ 2004 सालापर्यंत नांवानें तरी टिकून होतें. हा प्रकार इंग्रजीचाच आहे असें नव्हे. फारसींत 'तख्ता' म्हणजे फळी आणि 'तख्त' म्हणजे सिंहासन. 'दिवाण' हा शब्द तर हिशेबाची वही, कचेरी, मंत्री आणि बसण्याची लांब बैठक, इतकीं सोंगें घेऊन मराठींत आला व दिवाणखान्यांत स्थिरावला. माणसें कोठें बसतात यावरून त्यांच्या अधिकारास नांव पडतें. मराठींतील गादी याच जातीची.

हिंदुस्थानचा या शब्दाशीं खरा संबंध 1784 सालीं आला. त्या वर्षीं पिटच्या कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठीं लंडनमध्यें 'बोर्ड ऑफ कंट्रोल' स्थापन झालें. कागदोपत्रीं तें सहा जणांचें होतें. प्रत्यक्षांत सर्व मंडळी टेबलाभोंवतीं क्वचितच जमत व अध्यक्षच सर्व कारभार पाही. 1818 सालीं पेशवाई बुडाली तेव्हां या अध्यक्षपदावर जॉर्ज कॅनिंग होता. शनिवारवाड्याचें भवितव्य ज्या टेबलावरून जात होतें, त्या टेबलाचें नांव पुण्यांत किती जणांना ठाऊक असेल!

मुंबईचें पहिलें मोठें बोर्ड शिक्षणाचें. 1840 सालीं 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' स्थापन झालें व त्यांत तिघे हिंदी सभासद बसले: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी शिक्षणाकडे होता. पश्चिमेची विद्या सामान्य लोकांपर्यंत पोंचवावयाची तर ती मातृभाषेंतूनच पोंचली पाहिजे, असें शंकरशेटांचें म्हणणें होतें. हिंदी सभासदांच्या जोडीस कर्नल जर्विस हे इंग्रज गृहस्थहि उभे राहिले. हा वाद केवळ पाठ्यपुस्तकांचा नव्हता. मराठी ही विद्येची भाषा होणार कीं केवळ घरची राहणार, हें त्या टेबलावर पणास लागलें होतें. वाद सरकारपर्यंत गेला. 1854 च्या खलित्यांत इंग्रजी व देशी भाषा या दोहोंनाहि स्थान मिळालें, आणि पुढल्याच वर्षीं शिक्षणखातें निघून मुंबईचें बोर्ड निकालांत निघालें. ज्या चार्ल्स वुडच्या नांवानें तो खलिता ओळखला जातो, तो त्या वेळीं बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता. एका बोर्डानें दुसरें मोडलें. आणि चार वर्षांत, 1858 सालीं, मोडणारेंहि मोडीत निघालें.

खेड्यापाड्यांत हा शब्द पोंचला तो लोकल बोर्डांमुळें. लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 सालीं मुंबई इलाख्यांत जिल्हा व तालुका लोकल बोर्डें कायद्यानें स्थापन झालीं. शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड घ्यावयाचा आणि त्यांतून रस्ते, विहिरी, धर्मशाळा व शाळा चालवावयाच्या, अशी योजना होती. आणा ज्याच्याकडून घेतला जाई, त्याची जात पाहिली जात नसे. पाणी भरावयास गेल्यावर मात्र ती पाहिली जाई. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें 1923 सालीं मंजूर केला. पुष्कळ ठिकाणीं तो कागदावरच राहिला. महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह केला, त्याच्या मागें हाच ठराव होता. लोकल बोर्डें 1962 सालीं जाऊन त्यांच्या जागीं जिल्हा परिषदा आल्या, तरी जुन्या माणसांच्या तोंडीं 'बोर्डाची शाळा' पुढेंहि बराच काळ राहिली.

'बोर्डिंग' या शब्दाचा महाराष्ट्रांतील इतिहास मात्र सर्वांत बोलका आहे, कारण त्यांत फळीचा जुना अर्थ, म्हणजे जेवणाची जागा, पुन्हा वर आला. इंग्रजी शिकावयास शहरांत आलेल्या खेड्यांतील मुलापुढें पहिला प्रश्न पुस्तकांचा नसे. जेवावें कोठें व कोणाच्या पंगतीस, हा असे. छत्रपति शाहू महाराजांनीं 1901 सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशीं एकामागून एक बोर्डिंगें निघालीं. अस्पृश्य मुलांसाठीं 1908 सालीं निघालेल्या बोर्डिंगास मुंबईच्या गव्हर्नराची कन्या मिस् क्लार्क हिचें नांव मिळालें. प्रत्येक जातीस निराळी पंगत मांडून देण्यांत महाराजांचा व्यवहारी धोरणीपणा होता. पंगत एकच ठेवली असती, तर पुष्कळ घरांनीं आपलीं मुलें पाठविलींच नसतीं.

भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरांत शिकले होते. त्यांनीं 1924 सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें तेव्हां जातवार पंगतीची चाल सोडून दिली. महार, मराठा, मुसलमान, जैन अशीं मुलें तेथें एकाच छपराखालीं राहूं लागलीं व एकाच चुलीवरचें अन्न खाऊं लागलीं. 1927 सालीं महात्मा गांधी साताऱ्यास आले असतां त्यांच्या हस्तें या बोर्डिंगाचें नामकरण झालें. 'श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस' असें तें नांव होतें.