बचावपटूची दुसरी खेळी

कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत नांदतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ उतरले की प्रेक्षागार भरून जाते. परंतु घरी परतताना गोल करणाऱ्याचेच नाव ओठांवर असते. बचावपटूचे यश म्हणजे न झालेला गोल, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही.

गोव्याचे डेरिक परेरा हे असेच एक बचावपटू. १९८० च्या दशकापासून वास्कोच्या साळगावकर संघाची बचावफळी त्यांनी सांभाळली. भारतीय संघातूनही ते खेळले. निवृत्तीनंतर काय, हा प्रत्येक खेळाडूपुढील यक्षप्रश्न. परेरांनी प्रशिक्षकाची वाट धरली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली; २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. हे दोन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत. महिंद्रचा तर २०१० मध्येच बंद झाला. परेरा मात्र मैदानावर टिकले. डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन हंगामात, एफसी गोवाची धुरा त्यांच्याकडे आली.

संघ मालकाच्या ताळेबंदावर जगतो. खेळाडूने कमावलेली जाण मात्र कोणाला बंद करता येत नाही. मागे उभ्या असलेल्या बचावपटूला सारे मैदान समोर दिसते, आणि प्रशिक्षकाला हीच दृष्टी लागते. आपल्या मुलांना चेंडूबरोबर शालेय शिक्षण आणि प्रशिक्षणाचे शास्त्रही मिळाले, तर पस्तिशीनंतर मैदान त्यांना परके होणार नाही. ही तजवीज पालकांनी मूल खेळू लागते तेव्हाच करावयास हवी.