ग्रंथाचा आरंभशक : आधुनिक विश्वस्थितिशास्त्राच्या पाठ्यग्रंथाची निवड

लोकमान्य टिळकांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत (निधन १९२०) सांगली येथे ज्योतिष-संमेलन भरले. त्यापुढील विषय पंचांगशोधनाचा होता. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न ग्रंथनिवडीचा होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत असत. या ग्रंथाचा आरंभशक १४४२, म्हणजे इसवी सन १५२०. चार शतकांच्या अवधीत ग्रंथावरून येणारे ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह यांत अंतर पडले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून युरोपीय वेधांचा आधार मराठी गणकास उपलब्ध करून दिला होता. तथापि रूढ ग्रंथ सोडावा की नाही, याविषयी एकमत नव्हते.

या वादातून एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. करणग्रंथ आपला आरंभशक लपवीत नाही. अमुक शकापासून गणित मांडले आहे, हे तो प्रथमच सांगतो. आणि कालांतराने फरक पडल्यास बीजसंस्कार द्यावा, हे परंपरेलाही मान्य आहे. आधुनिक विश्वस्थितिशास्त्राच्या पाठ्यग्रंथाला हीच कसोटी लावली असता निवडीचा प्रश्न बराच सुगम होतो.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर दोन्ही त्याच्या कक्षेत आली. अशा ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एकच ग्रंथ पडतो, आणि त्या ग्रंथातील विश्व हेच त्याचे विश्व होऊन बसते. म्हणून येथे निवडीतील चूक महागात पडते.

भारतात सापेक्षतावादाचे अध्यापन प्रामुख्याने गणित विभागांत रुजले. कोल्हापूर येथे १९०८ मध्ये जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून काशी येथे गणिताचे अध्यापन करीत होते, आणि तेथे या विषयाची परंपराच निर्माण झाली. या वातावरणाला टोलमन यांचा १९३४ चा ‘रिलेटिव्हिटी, थर्मोडायनॅमिक्स अँड कॉस्मॉलॉजी’ हा ग्रंथ अनुरूप होता. त्यातील गणित आजही निर्दोष आहे. वेध मात्र त्या काळचे आहेत. त्या काळी हबलचा स्थिरांक दर मेगापार्सेकला सेकंदास सुमारे ५०० किलोमीटर मानला जाई. त्यावरून विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या वयाहूनही कमी येत असे. ही विसंगती १९४८ मध्ये स्थिरस्थिती-सिद्धांत पुढे येण्याच्या कारणांपैकी एक होती. बाँडी यांच्या १९५२ च्या ‘कॉस्मॉलॉजी’त म्हणूनच अनेक उपपत्ती समान भूमिकेवर उभ्या असलेल्या दिसतात.

पेंझियस आणि विल्सन यांना १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण आढळले आणि ही समानता मोडली. पीबल्स (१९७१) व वाइनबर्ग (१९७२) यांच्या ग्रंथांत विषयाचा भार भूमितीवरून भौतिकीवर सरकला. १९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या वेधांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत हा निष्कर्ष असणे शक्यच नव्हते. रायडेन यांचा पदवीस्तरीय ग्रंथ आणि डॉडेलसन यांचा प्रगत ग्रंथ, दोन्ही २००३ चे, या वेधांनंतरचे आहेत. पहिला प्रवेशास सोयीचा. दुसरा पार्श्वप्रारणातील सूक्ष्म विषमतांचे गणित शिकविणारा.

या मालिकेत जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘इंट्रोडक्शन टु कॉस्मॉलॉजी’चे स्थान वेगळे आहे. प्रथमावृत्ती १९८३, दुसरी १९९३, तिसरी २००२. लेखक स्वतः महास्फोट-सिद्धांताविषयी साशंक होते. तथापि ग्रंथात प्रचलित प्रतिमानाचे गणित नीट शिकविले आहे, आणि पर्यायी उपपत्तींनाही जागा दिली आहे. कोणते विधान वेधसिद्ध व कोणते गृहीत, हे विद्यार्थ्यास त्यामुळे वेगळे पाहता येते. परंतु आवृत्ती पाहिल्याविना हा ग्रंथ हाती घेणे म्हणजे ‘ग्रहलाघवा’स बीजसंस्कार न देता गणित करणे होय. पहिल्या दोन आवृत्त्या १९९८ पूर्वीच्या आहेत.

निवडीचा आणखी एक पैलू भाषेचा आहे. सातारा जिल्ह्यातील वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात (पहिला खंड १९७६) या शास्त्रासाठी ‘विश्वस्थितिशास्त्र’ ही संज्ञा आली. येथे ‘स्थिति’ म्हणजे अवस्था, ‘स्थिरता’ नव्हे. हा भेद न कळल्यास शास्त्राचे नाव आणि स्थिरस्थिती-सिद्धांत यांत गोंधळ होतो. ‘महास्फोट’ या शब्दाने कोठेतरी एका ठिकाणी उडालेला भडका डोळ्यांपुढे येतो. ‘प्रसरण’ म्हटले की कशात तरी पसरणे अभिप्रेत वाटते. समीकरणांत असे ठिकाणही नाही आणि बाहेरची पोकळीही नाही. इंग्रजीत वाचून मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्यास, शब्दापाठची राशी काटेकोर सांगणारा ग्रंथच या भ्रमातून सोडवितो.

तात्पर्य, ग्रंथ उघडताच प्रथम हबलच्या स्थिरांकाचा आकडा शोधावा. तो ५०० च्या जवळ असल्यास ग्रंथ इतिहासासाठी वाचावा. तो ६७ ते ७४ च्या दरम्यान असून विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षांच्या आसपास दिले असल्यास ग्रंथ चालू काळाचा समजावा. या मर्यादेतील दोन टोकेही आज परस्परांशी जुळत नाहीत: पार्श्वप्रारणावरून ६७ च्या आसपास आकडा येतो, जवळच्या दीर्घिकांवरून ७३ च्या आसपास. हा फरक जो ग्रंथ लपवीत नाही, तो निवडावा. सांगलीच्या संमेलनापुढील प्रश्न अशा रीतीने अद्याप जिवंत आहे. ग्रंथ आणि आकाश यांत अंतर पडले, तर प्रमाण आकाशच.